दुसरा कान

१

शाळा सुटली की मी घरी न जाता मामाच्या दुकानात जायची. दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे रस्त्याकडे मोठी काच, काचेला लागून माझं टेबल, मधे मामाचं काउंटर आणि मागे पडदा लावलेली छोटी खोली. त्या खोलीत एक नळ, पाणी उकळायची किटली आणि जुन्या नाण्यांची खोकी. बाकी काही नाही.

मामा जुनी नाणी घेतो आणि विकतो, पण त्याचं खरं वेड चुकलेल्या नाण्यांचं. टाकसाळीत कोऱ्या चकतीवर पोलादी ठसा दाबून नाणं पाडतात. लाखात एखाद्या वेळी त्यात काहीतरी बिनसतं आणि ते बिनसलेलं नाणं कुणाच्याही लक्षात न येता बाहेर पडतं. ते शोधायचं, हे माझं काम. लोक डबेच्या डबे आणून देत आणि मी एकेक नाणं भिंगाखाली धरून बघत बसायची.

लोकांना वाटतं, वेगळं दिसलं की मौल्यवान. तसं मुळीच नसतं. ठसा झिजला की अक्षरं पुसट येतात, त्याला कोणी विचारत नाही. ठसा उठताना किंचित घसरला की आकड्याच्या कडेला एक चपटी पायरी दिसते, जणू आकड्याची सावली पडलीय. अशी नाणीही शेकड्याने मिळतात. नवखी माणसं त्या सावलीला भुलतात आणि नाचत दुकानात येतात. मग मामा त्यांना पाणी देतो आणि हळूच सांगतो. खरी किंमत असते ती दुहेरी ठशाला. ठसा घडवतानाच त्यावर चित्र दोनदा उमटलेलं असतं, जरासं सरकून. मग नाण्यावर दोन रेषा येतात आणि दोन्ही गोल, दोन्ही भरीव. घसरलेल्या छापेत मूळ कोणतं आणि सावली कोणती हे सांगता येतं. दुहेरी ठशात ते सांगता येत नाही. दोन्ही सारखीच खरी.

मामाने शिकवलेलं मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. उंचवटा असेल तर तो ठशातून आलेला, म्हणजे जन्माचा. खड्डा असेल तर नंतर कुणीतरी केलेला. एकावर दिसलं तर अपघात, तसंच दुसऱ्यावर दिसलं तर ठसा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, चूक ओळखायची तर आधी बरोबर नाणं शेजारी ठेवायचं. त्यासाठी माझ्या टेबलावर रबराच्या चौकोनावर एक निर्दोष नाणं कायम असायचं. एका बाईचा एका बाजूने दिसणारा चेहरा, मागे वळवलेले केस, एक कान. त्या नाण्याला आम्ही मास्तर म्हणायचो, कारण त्याचं कधी चुकत नसे. मास्तरांचं चित्र मी पहिल्याच आठवड्यात पेन्सिलीने वहीत काढलं होतं.

मामाला डाव्या कानाने ऐकू येत नाही. लहानपणी चेंडू लागला आणि पडदा फाटला. त्या कानाची वरची कड पुस्तकाच्या पानाचा कोपरा दुमडावा तशी आत दुमडलेली आहे. माझ्या डाव्या कानाची पाळी चिरलेली आहे. तीन वर्षांची असताना कानातलं दाराच्या कडीत अडकलं होतं. मी वेणी त्या बाजूने पुढे घेते म्हणजे ते दिसत नाही. आई म्हणते, तुम्हा दोघांचे डावे कान बिघडलेले, म्हणून तुमचं जमतं.

जमायचंच. शाळेच्या प्रगतिपुस्तकात दर वर्षी ‘वर्गात बोलत नाही’ असा शेरा येतो. मामाकडे बोलावं लागत नसे. मागच्या खोलीत किटली लावता लावता तो रोज एकदा ओरडून विचारायचा, “मुंगे, सापडलं का काही?” मुंगी म्हणजे मी. टेबलावर नाण्याचा आवाज तपासायला काळ्या दगडाची एक फरशी होती. मी तिच्यावर नाणं आपटून उत्तर द्यायची. एकदा ठण म्हणजे नाही. दोनदा ठण म्हणजे हो. चौदा महिने मी रोज एकदाच आपटत होते.

२

डबा आणणारे काका एका सोमवारी आले. वयस्कर, नीटनेटके, शर्टाची वरपर्यंत लावलेली बटणं आणि डाव्या कानात कापसाचा मोठा बोळा. त्यांनी डबा काउंटरवर ठेवला आणि दोन पावलं मागे सरकून उभे राहिले. डब्याच्या झाकणावरून सुतळी तीनदा गुंडाळली होती.

त्यांचं बोलणं गरजेपेक्षा मोठ्या आवाजात होतं. रस्त्यांवर नाणं टाकून बोलायचे टेलिफोन होते, तेव्हा त्यांच्या पेट्या रिकाम्या करायचं काम ते करत. बावीस वर्षं. टेलिफोन बंद झाले, पेट्या भंगारात गेल्या, पण शेवटच्या पेटीतली नाणी भरायला ऑफिसच उरलं नव्हतं. ती घरीच राहिली. आता बायको घरात ठेवू देत नाही.

मामाने किंमत विचारली, तर ते म्हणाले, काही नको. मामा हसला, म्हणाला, निदान चहा तरी घ्या. तेही नको. दारापर्यंत गेल्यावर मात्र ते वळले आणि मामाला विचारलं, तुम्हाला ऐकू कमी येतं का. बोलताना मामा मान फिरवतो ते त्यांनी बघितलं असणार. मामाने डाव्या कानाला बोट लावून दाखवलं.

“डावा,” काका म्हणाले. “मग त्याच बाजूला ठेवू नका म्हणजे झालं.”

काय, ते त्यांनी सांगितलं नाही. ते गेल्यावर मामा म्हणाला, बावीस वर्षं रस्त्यावरच्या गोंगाटात काम केल्यावर माणूस असाच होतो. आणि डबा उचलून माझ्याकडे दिला. काउंटरवर तो त्याच्या डाव्या हाताला होता.

३

बुधवारी मला ते दिसलं.

डब्यात बहुतेक मास्तरांच्याच जातीची नाणी होती, बाईच्या चेहऱ्याची. माझी साठ-सत्तर नाणी बघून झाली होती. झीज, ओरखडे, एकावर घसरलेली छाप. मग एक नाणं हातात आलं आणि बाईच्या कानाखाली मला काहीतरी जास्त वाटलं. मी दिवा बाजूला सरकवला, कारण उजेड वरून पडला की सगळं सपाट दिसतं. कानाच्या पाळीखाली, अर्ध्या तांदळाएवढ्या अंतरावर, दुसरी पाळी होती. तिच्यावर दुसऱ्या कानाची कड. पायरी नव्हती. चपटं नव्हतं. गोल, भरीव, उचललेलं.

नाणं चिमट्यातून निसटलं. मी ते मास्तरांच्या शेजारी ठेवलं. मास्तरांना एक कान. याला दोन. मी भिंग बदललं. भिंगाची काच पुसली. डोळाही बदलला, डावा मिटून उजव्याने, मग उजवा मिटून डाव्याने. दोन म्हणजे दोन.

मागून आवाज आला, “मुंगे, सापडलं का काही?”

मी दगडावर दोनदा आपटलं. ठण, ठण.

मागच्या खोलीत काहीतरी पडलं. पडदा बाजूला करून मामा आला, त्याची बाही ओली झाली होती. त्याने भिंगातून बघितलं, दिवा सरकवला आणि पुन्हा बघितलं. मग त्याने माझ्या डोक्यावर टप्पल मारली आणि म्हणाला, शाब्बास. एवढंच. पण ते म्हणताना त्याचा आवाज चिरकला.

त्या संध्याकाळी आणखी चार सापडली. तोच दुसरा कान, तिथेच, तेवढाच सरकलेला. दोनांवर तसाच असेल तर ठसा. मामा एखाद्या लहान मुलासारखा खोलीभर फिरत होता. त्याने आईला फोन केला आणि सांगितलं, ताई, तुझ्या मुलीने कमाल केली.

गुरुवारी सापडलेल्या नाण्यावर वर्ष वेगळं होतं. मला वाटलं, माझं चुकतंय, कारण ठशावर वर्ष कोरलेलं असतं आणि नवं वर्ष म्हणजे नवा ठसा. मामाने थोडा विचार केला आणि समजावलं. सगळे ठसे एका मूळ ठशावरून निघतात, तो मूळच बिघडला असेल तर पुढची सगळी वर्षं तशीच निघतील. मला ते पटलं. मला ते पटावं असं वाटत होतं.

शुक्रवारी डब्याच्या तळाशी एक परदेशी नाणं मिळालं. कुणीतरी टेलिफोनला फसवायला टाकलं असणार. त्यावर एका दाढीवाल्या माणसाचा चेहरा होता. दाढीच्या कडेला, त्याच्या कानाखाली, तोच दुसरा कान.

मामाने ते बघितलं आणि खाली ठेवलं. परदेशी नाणं आपल्या टाकसाळीत पडत नाही, म्हणजे मूळ ठशाचं कारण इथे लागू पडत नव्हतं. पण तो घाबरला नव्हता. त्याचे डोळे चमकत होते, आणि खरं सांगायचं तर माझेही.

४

शनिवारी मी दुकानात आले ती उशीर झाल्यामुळे चुकून मामाच्या डाव्या बाजूने. तो काउंटरवर वाकून काहीतरी लिहीत होता. एरवी मी त्या बाजूने आले की तो दचकायचा. त्या दिवशी तो न बघताच म्हणाला, “आज चप्पल बदललीस का गं?”

बदलली होती. तिचा आवाज वेगळा येत होता.

मग मामाने उजव्या कानात बोट घातलं आणि मला म्हणाला, बोल काहीतरी. मी अगदी हळू माझा वर्ग आणि हजेरी क्रमांक सांगितला. त्याने तो परत सांगितला. मी काचेपाशी जाऊन कुजबुजले. त्याने तेही सांगितलं. चाळीस वर्षांनी त्याला डाव्या कानाने ऐकू येत होतं. तो हसत होता आणि डोळे पुसत होता, आणि मी कधी नव्हे ती मोठ्याने हसले.

कानाच्या डॉक्टरबाईंनी सोमवारी तपासलं. पडदा तसाच फाटलेला होता. त्यांच्या यंत्रावर सरळ रेघ आली. त्या म्हणाल्या, या कानाने तुम्हाला काहीही ऐकू येत नाहीये. मामा बाहेर येऊन मला म्हणाला, मी तर त्यांच्या मनगटावरचं घड्याळसुद्धा ऐकत होतो.

पुढचे चार-पाच दिवस इतके छान गेले की त्यांच्याबद्दल वाईट लिहायला मला जड जातंय. मामा दर दुपारी डबा काउंटरवर डाव्या हाताला घेऊन बसायचा. आणि त्याला माझं न बोललेलंही ऐकू येऊ लागलं. मला तहान लागली असं वाटायच्या आत तो पाणी पुढे करायचा. मी विचारायला तोंड उघडलं की उत्तर आधीच आलेलं असायचं. ज्या मुलीला ‘हजर’ म्हणतानाही घाम फुटतो, तिला याहून मोठं सुख कुठलं असणार? मी एक शब्द न बोलता दिवसभर बोलत होते.

५

मग एका दुपारी मी एका नाण्याच्या कडा बघत होते. दुकानात आम्ही दोघंच. मामा काउंटरवर बसला होता, मागचा पडदा त्याच्या डाव्या अंगाला. त्याने मान किंचित डावीकडे कलवली आणि म्हणाला, “हो, आहे ती. इथंच बसलीये.”

मला वाटलं, फोनवर बोलतोय. फोन माझ्या टेबलावर चार्जिंगला लावला होता.

थोडं थांबून तो म्हणाला, “नाही, फार नाही बोलत.” मग पुन्हा थोडं थांबून, प्रेमाने, माझ्याबद्दल पाहुण्यांशी बोलतो तशा आवाजात, “बोलेल की हळूहळू.”

मी उठून मागच्या खोलीत गेले. नळ बंद. किटली थंड. खोकी जिथल्या तिथे. खिडकी नाहीच त्या खोलीला. बाहेर येऊन मी विचारलं, मामा, कोणाशी बोललास. त्याने गोंधळून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, तूच विचारत होतीस ना काहीतरी?

मी स्वतःला समजावलं. बरीच वर्षं बंद असलेला अवयव चालू झाला की मेंदू त्यात स्वतःचे आवाज भरतो, असं शाळेच्या वाचनालयातल्या पुस्तकात होतं. मी ते पुस्तक दुसऱ्या दिवशी पुन्हा काढून वाचलं. अगदी तसंच होतं त्यात. मला बरं वाटलं, दुकानात येईपर्यंत.

त्या दिवशी डब्यातल्या एका नाण्यावरचा दुसरा कान निराळा होता. आधीचे सगळे एकाच कानाचे होते, पाळी जाड, कड गुळगुळीत. याची वरची कड आत दुमडलेली होती. पानाचा कोपरा दुमडावा तशी.

मी भिंगातून डोळा काढला आणि मामाच्या कानाकडे बघितलं. मग पुन्हा नाण्याकडे. शेजारचं नाणं घेतलं, त्यावरही दुमडलेला. त्याच्या शेजारचं, त्यावरही. हे डबा आल्यापासून माझ्या हाताखालून तीनदा गेलेलं नाणं होतं. त्याच्या कडेला लाल रंगाचा ठिपका होता, म्हणून मी ते ओळखत होते, आणि आधी त्यावर असा कान नव्हता.

“मुंगे, सापडलं का काही?”

मामा काउंटरवरूनच विचारत होता. मी दगडावर एकदाच आपटलं. मामाशी मी पहिल्यांदा खोटं बोलले.

मग माझी नजर मास्तरांवर गेली. मास्तर डब्यात कधी गेले नव्हते. चौदा महिने ते माझ्या टेबलावरच्या रबराच्या चौकोनावर होते. मी दिवा बाजूला सरकवला. मास्तरांना दोन कान होते. खरवडलेलं नाही, चिकटवलेलं नाही. उंचवटा. जन्माचा.

मी वही उघडली. पहिल्या आठवड्यात काढलेल्या चित्रात कान एकच होता. ती वही मी मामापुढे धरली. त्याने चित्र बघितलं, मास्तरांना बघितलं आणि समजुतीने म्हणाला, तेव्हा तू नवखी होतीस, मीसुद्धा इतकं बारीक कधी पाहिलं नव्हतं.

“आणि मास्तरच असे असतील,” तो म्हणाला, “तर मग यात चूक कुठली? बरोबर नाणं असंच असतं.”

६

रविवारी सकाळी मी काकांच्या घरी गेले. पत्ता मामाच्या खरेदीच्या वहीत होता. अनोळखी दार वाजवणं मला जमत नाही. मी जिन्यात कितीतरी वेळ उभी होते, मग शेवटी त्यांच्या बायकोनेच दार उघडलं, बहुधा कचरा ठेवायला. तिने माझ्याकडे बघितलं, ओठांवर बोट ठेवलं आणि आत जाऊन काकांना हाताला धरून घेऊन आली.

आता त्यांच्या दोन्ही कानांत कापूस होता आणि वरून पट्टी बांधली होती. त्या घरात रेडिओ नव्हता, टीव्ही नव्हता. भिंतीवरच्या घड्याळाचे काटे थांबवलेले होते. बायको खाणाखुणांनी बोलत होती. मी कोण, हे मी त्यांना कागदावर लिहून दाखवलं. खाली लिहिलं, मामाला ऐकू यायला लागलंय.

त्यांनी तो कागद नीट घडी करून मला परत दिला.

“ऐकू येऊ दे,” ते म्हणाले. “नुसतं ऐकल्याने काही होत नाही. मी कितीतरी वर्षं ऐकत होतो. रिकाम्या पेटीला कान लावला की यायचंच. उत्तर दिलं नाही ना त्याने?”

मी लिहायला कागद पुन्हा उलगडला. पण माझ्या तोंडावर दिसलं असणार, कारण त्यांच्या बायकोने तोंड फिरवलं.

“मी एकदाच दिलं होतं,” काका म्हणाले. “मुलीच्या आवाजात विचारलं म्हणून. मुलगी तेव्हा शेजारच्या खोलीत झोपली होती.” मग त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं. “तू बोलत नाहीस, ते बरं आहे. तशीच राहा.”

दार लागलं. दार लावताना ते वळले तेव्हा डाव्या बाजूची पट्टी जराशी सरकलेली होती. पट्टीखाली कान होता. त्याच्याही खाली, मानेकडे, कापूस लावलेला नव्हता असा काहीतरी आकार होता. जाड पाळी. गुळगुळीत कड. मी जिना उतरताना पायऱ्या मोजत गेले, म्हणजे दुसरं काही डोक्यात येऊ नये.

७

सोमवारी मी मामाला सांगायचं ठरवून आले होते. वाक्यही पाठ केलं होतं: डबा परत दे. ते मी म्हणायच्या आत तो म्हणाला, “का देऊ? पुन्हा बहिरा होऊ?”

तो रागावला नव्हता. त्याने माझी वेणी उगाच ओढली आणि म्हणाला, तू माझ्याकडे शिकलीस ना, मग माझ्या पद्धतीनेच सांग. चूक आहे म्हणतेस, तर बरोबर नाणं शेजारी ठेव. या अख्ख्या दुकानातून एका कानाचं एक नाणं काढून दाखव, एकच, आणि मी आजच्या आज डबा त्या काकांच्या दारात नेऊन ठेवतो. नाही सापडलं, तर हाच ठसा बरोबर आहे आणि तू विनाकारण घाबरतेयस.

त्याने शब्द दिला म्हणजे तो पाळतो. म्हणून मी कामाला लागले.

डबा पूर्ण उपसला. सगळे कान दुमडलेले. मग काउंटरवरचे ट्रे. मग काचेच्या कपाटातली, कागदी पाकिटांत बंद असलेली, वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेली नाणी. राजे, राण्या, पुढारी, एक घोडा. घोड्यालासुद्धा. दुपारचे चार वाजले. मामाने टेबलावरचा दिवा लुकलुकतोय असं बघितलं आणि समोरच्या चष्मेवाल्याकडे जास्तीचा बल्ब असतो, तो घेऊन येतो म्हणून बाहेर गेला. दाराची घंटी वाजली, दार लागलं. मी मान वर केली नाही. मागच्या खोलीतली खोकी मी आधीच टेबलाशी ओढून आणली होती.

शेवटच्या खोक्यात, तळाच्या कागदाखाली, एक नाणं चिकटून बसलं होतं. मी ते नखाने सोडवलं. बाईचा चेहरा, मागे वळवलेले केस. दिवा लुकलुकत होता म्हणून मी ते काचेतून येणाऱ्या उजेडात तिरपं धरलं.

एक कान.

मी पुन्हा बघितलं. भिंग पुसून बघितलं. कानाखाली मान होती, नुसती, स्वच्छ, सपाट मान. वहीतल्या माझ्या चित्रासारखी. मला वेड लागलेलं नव्हतं. माझं चित्र खरं होतं. डबा आजच जाणार होता. मामाला कदाचित ऐकू येणं बंद होईल, तो कदाचित माझ्यावर रुसेल, पण तो माझा मामा राहील आणि मी त्याच्या उजव्या बाजूला बसेन. त्या लहानशा नाण्यावर माझं एवढं प्रेम बसलं की मी ते गालाला लावलं.

मग मी ते भिंगाखाली ठेवलं, पुन्हा एकदा डोळे भरून बघायला.

“मुंगे, सापडलं का काही?”

पडद्यामागून, रोजच्यासारखंच, किटली लावता लावता. चौदा महिन्यांच्या सवयीने माझा हात हलला, मला विचारलंही नाही त्याने. मी मास्तरांना उचललं आणि दगडावर आपटलं, जोरात, आनंदाने.

ठण, ठण.

आवाज विरायच्या आत मी मान वर केली.

काचेतून समोरचा रस्ता दिसत होता. चष्मेवाल्याच्या दारात मामा उभा होता, हातात बल्बचं खोकं, माझ्याकडे पाठ, डावा कान या बाजूला. तो काहीतरी सांगत होता. बोलता बोलता तो थांबला. त्याने मान कलवली, दुरून कुणी हाक मारल्यावर कलवतात तशी. मग तो वळला आणि रस्त्याच्या पलीकडून, बंद काचेतून, माझ्याकडे बघून हसला. त्याचे ओठ हलले. मला ऐकू आलं नाही, पण तो शब्द मला ओळखता आला. शाब्बास.

माझ्या मागे पडद्याची कडी सरकली.

मी ऐकलेला आवाज मनात पुन्हा पुन्हा फिरवून बघत होते. त्यात कुठे चपटी कड आहे का, पायरी आहे का, सावली आहे का. नव्हती. तो गोल आणि भरीव होता. शेजारी ठेवला असता तर मूळ कोणता हे मामालाही सांगता आलं नसतं.

मला खाली बघायचं नव्हतं. पण मी भिंगावरून हात काढलेला नव्हता आणि उजेड अगदी बाजूने येत होता, हवा तसा. नाण्यावरच्या बाईच्या कानाखाली काहीतरी उचललं गेलं होतं. दुमडलेलं नव्हतं. कड सरळ होती. पाळी लहान, मुलीची, आणि खालच्या टोकापासून मध्यापर्यंत चिरलेली.

वेणीखाली मला गार वाटलं. मी हात वर नेला नाही. चूक ओळखायची तर बरोबर ते शेजारी ठेवावं लागतं, आणि दुकानातलं शेवटचं बरोबर नाणं आत्ताच माझ्या डोळ्यांसमोर बदललं होतं.

“मोठ्याने सांग की गं,” मामाचा आवाज माझ्या डाव्या बाजूने म्हणाला.